डाव्या खांद्यावरची पाकळी

येशाअण्णांना कुठलाही साधा प्रश्न विचारा, हो किंवा नाही असं उत्तर मिळायचं नाही. "अण्णा, जेवलात का?" तर "बसायचंच हाय आता." "अण्णा, पाऊस येईल का हो?" तर "ढग तुमच्या म्होरंच हायती, बगा की." गाडीत डिझेल आहे ना म्हणून विचारलं तर टाकीवर बोटानं टकटक करून तो आवाज मला ऐकवायचे. मी इस्लामपूरची, तोंडानं फटकळ. एकदा भरल्या गाडीत ओरडलेच, "अहो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, जीभ झडणार आहे का?" तर शांतपणे म्हणाले, "म्याडम, त्ये दोन शबुद सोडून काय बी मागा." सगळी गाडी हसली. मीही हसले. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी सहली काढते. इस्लामपूर, पलूस, सांगलीकडची माणसं गोळा करायची, कराडवरून पाटणच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी बस उभी करायची आणि तिथून जिपांनी सडेवाडीच्या सड्यावर न्यायची. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट, काळं-तांबडं खडकाळ पठार. वर्षभर टकलासारखं उघडं, आणि भाद्रपदात बघावं तर निळ्या-पिवळ्या फुलांनी झाकलेलं. वर जाणारी वाट मात्र फुलांसाठी कुणी केलेली नव्हती. ती खाणीची वाट. पूर्वी या सड्यावर बॉक्साईटची खाण होती, डंपर त्या वाटेनं लाल दगड खाली आणायचे. दगड संपला म्हणा, परवडेना म्हणा, कंपनी गेली. वाट राहिली, खड्डे राहिले आणि येशाअण्णा राहिले.

ते मूळचे त्या खाणीचे डंपर-ड्रायव्हर. जातीनं गुरव, म्हणजे सडजाई देवीची पूजा त्यांच्या घराण्याकडं. पण पूजा करायचा त्यांचा चुलतभाऊ, आणि अण्णा गाडी चालवायचे. उंची बेताची, कानावर केस, खाकी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. जीप त्यांच्याहून म्हातारी वाटायची. दार दोरीनं बांधलेलं. पण ती वाट जिपेला आणि अण्णांना अशी पाठ होती, की दोघांपैकी एकाला डुलकी लागली असती तरी चाललं असतं.

पहिल्या वळणाला गाडी थांबवायची आणि पायातल्या चपला काढून सीटखाली सारायच्या, हा त्यांचा नेम. तिथून पुढं सगळा प्रवास अनवाणी. क्लचवर, ब्रेकवर उघडे पाय. सडेवाडीची सगळीच माणसं सड्यावर चपला घालत नाहीत, देवीचं अंगण म्हणतात. पण बाकीचे जीपवाले पार वर पोचल्यावर काढायचे. मी लोकांना सांगायची, "बघा, केवढी भक्ती!" अण्णा आरशात बघायचे आणि गियर टाकायचे.

गंमत अशी, की एवढ्या भक्तिमान माणसाच्या गाडीत देव नव्हता. आमच्याकडं डॅशबोर्डवर मूर्ती, वर हार, उदबत्तीचं घर नसलेली गाडी शोधून सापडायची नाही. अण्णांच्या डॅशबोर्डवर एक फडकं असायचं. दर थांब्याला ते स्टिअरिंग पुसायचे, मग हात पुसायचे, मग बोटं, एकेक. सहलीतल्या एका बाईंनी हौसेनं झेंडूची माळ आरशाला बांधली, तर अण्णांनी ती हळूच सोडून त्यांच्याच हातात दिली. "तुमच्या केसात बरी दिसंल."

निम्म्या डोंगरात एक वळण आहे. डंपरसाठी कापलेलं, पण मधल्या पावसाळ्यांत निम्मं ढासळलेलं. तिथं गाडी एका दमात वळतच नाही. पुढं नेऊन भिंतीला लावायची, मग मागं कड्याकडं रिव्हर्स घ्यायची, मग वळवायची. मागचं चाक कड्यापासून हातभर. खाली झाडांचे शेंडे. सांगलीच्या बायका तिथं सगळे देव एका दमात आठवायच्या. एकदा एक रिटायर झालेले बँक मॅनेजर उठून उभेच राहिले, "अहो, थांबवा! मी चालत येतो!" अण्णा रिव्हर्स घेता घेता मागं वळून म्हणाले, "दमानं घ्या साहेब, डोंगार कुटं पळून चाललाय?" आणि ते बोलत असतानाच गाडी वळलेलीसुद्धा होती. साहेब बसले. वर जाईपर्यंत घट्ट धरून बसले होते, ती अण्णांची कॉलर होती हे त्यांना उतरताना कळलं.

वर पोचलं की आधी फुलं नाहीत, खाण लागते. लाल मातीचे मोठमोठे खड्डे, त्यांत साचलेलं तांबडं पाणी. कडेला डंपरच्या वजनाचा मोडका काटा, आणि चाकं काढून नेलेला एक डंपर, गंजून मातीच्या रंगाचा झालेला. इथं अण्णा खुलायचे. त्या डंपरच्या दाराशी उभे राहून सांगायचे, "ह्यो माजा. नवाकोरा आला तवा वास यायचा रबराचा. लोड घिऊन उतरायचो तर खालच्या वाडीतली पोरं हात करायची." डोळ्यांत असं काही यायचं, की मला वाटायचं, या माणसाचं लग्न झालं असेल ते या डंपराशीच. बायको लवकर गेलेली, मुलगी पलूसला दिलेली. तेवढं त्यांनी सांगितलेलं. बाकी चौकशी मी केली नाही.

फुलांच्या पलीकडं सडजाईचं देऊळ. लोक आत जायचे, अण्णा बाहेर. पायरीवरही बसायचे नाहीत, चार हात लांब दगडावर. मी समजायची, गुरवाचा मान भावाला मिळाला म्हणून रुसवा असणार. भाऊबंदकी आम्हाला काय नवी आहे?

त्या देवळात कौल लावतात. गावापुढं मोठा प्रश्न आला की गुरव दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो, गाव हात जोडून बसतं आणि कुठली आधी पडते ते बघतं. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. खाण यायची होती तेव्हाही गावानं असाच कौल मागितला होता. उजवी पडली. आणि डावी? ती म्हणे पडेचना. अमावास्या आली तरी देवीच्या खांद्याला तशीच. देवीनं एवढं ठाम कधी सांगितलं नव्हतं, असं गाव म्हणायचं. मला ही गोष्ट कुणीतरी देवळाच्या ओसरीवर सांगितली आणि मी ती उचलली. सहलीला गोष्ट लागतेच की! मी ती दर फेरीला जिपेत सांगायला लागले, हातवारे करून, आवाज लहानमोठा करून. "आणि मंडळी, डावी पाकळी? ती हललीसुद्धा नाही!" बायका "अगं बाई" म्हणायच्या, कुणी हात जोडायचं. आणि माझ्या शेजारी अण्णा अनवाणी पायानं गाडी चालवत असायचे.

एकदा मी गोष्ट रंगात आणली आणि त्यांनी मधेच गाडी थांबवली. उतरले. रेडिएटरचा पाण्याचा कॅन काढला, वाटेवरची लाल माती घेतली आणि कोपरापर्यंत हात घासायला लागले. मी डोकं बाहेर काढून विचारलं, "काय झालं अण्णा?" म्हणाले, "हात चिकाट झाल्यात." पुन्हा बसले, फडक्यानं बोटं पुसली, एकेक. मी म्हटलं, "हां, तर मंडळी, पाकळी—" आणि उरलेली गोष्ट पुरी केली. माझ्याइतकी आंधळी बाई शोधून सापडणार नाही.

एका उन्हाळ्यात अण्णा इस्लामपूरला माझ्या दारात उभे. एसटीनं आलेले, हातात पिशवी, पिशवीत करवंदं. पहिल्यांदाच मी त्यांना जिपेशिवाय बघत होते. फारच लहानखुरे दिसले. चहा घेतला, पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "गावात कौल लावायचा हाय."

झालं होतं असं, की पुण्याच्या एका पार्टीला सड्यावर काचेची घरं बांधायची होती. रात्री तारे, सकाळी फुलं, असलं काहीतरी. गावात दोन तट पडले. मग ठरलं, कौल मागायचा. चुलतभाऊ अंथरुणाला खिळलेला, पोरगा त्याला मुंबईला घेऊन गेलेला. उरले अण्णा. "आन समदी म्हंत्यात, येशाच्याच हातचा पायजे. येशाच्या हातचा कौल लय खरा. मागल्या बारीला बगा, देवी किती ठाम बोलली."

"मागचा कौल तुम्ही लावला होता?" मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. "अय्या! आणि मी इतकी वर्षं तुमच्यापुढं—"

"लावनारा म्याच," असं काहीतरी पुटपुटले आणि मग एका दमात सांगितलं. डोळे पंख्यावरच.

"बा तापानं पडला हुता. म्हनला, तू लाव. कंपनीचा मानूस मला आधीच भेटलेला. म्हनला, खान आली तर तुला डंपरवर घेतो. म्याडम, मला गाडी चालवायची हुती वो. घंटा वाजवायची न्हवती. रोज पानी, रोज फुलं, रोज तीच घंटा. देवळामागं उंबर हाय. त्याचा चीक बोटाला घेतला आन डावी पाकळी लावली. उजवी नुसत्या पान्यानं. उजवी वाळली, पडली. गावानं हात जोडलं. डावी कशी पडंल? चिकावली हुती."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"बा बरा झाला तवा देवळात गेला. पाकळी बगितली. नखानं खरवडली, नख हुंगलं, आन माज्याकडं बगितलं. बोलला न्हाई. दुसऱ्या दिशी पूजा पुतन्याच्या हातात दिली. मरंस्तवर मला गाभाऱ्यात जाऊ दिलं न्हाई. गावाला वाटलं, पोरगं डायवर झालं म्हून बा रागावला."

मग तातोबांचं सांगितलं. तातोबा हा सडेवाडीचा एकच माणूस खाणीला आडवा आलेला. मोजणीवाल्यांच्या पुढ्यात आडवा झोपला होता. त्याच्या वावरावरच सड्याचं पाणी उतरायचं, बारमाही झरा. कौल झाला आणि तो गडी देवीपुढं लोटांगण घालून उठला, म्हणाला, तिनं सांगितलं तर माझं काय! पहिलं मशीन आलं तेव्हा नारळ त्यानंच फोडला. सुरुंग लागायला लागले आणि झरा आटला. वावर पडीक झालं. तरी तातोबा कुणाला बोल लावायचा नाही. म्हणायचा, तिचं होतं, तिनं नेलं. तसाच गेला. त्याची बायको पारूआत्ती अजून आहे, वाकलेली, काठी घेऊन देवळाच्या वळणाशी बसते. तिला मी ओळखत होते. आमच्या सहलीवाल्यांना ती करवंदाचं लोणचं विकायची.

"आता सांगा म्याडम," अण्णा म्हणाले, "गावाला खरं सांगू का नगं?"

मला राग आला होता. त्यांचा आला होता की माझा स्वतःचा, देव जाणे. दर फेरीला मी त्या माणसाच्या कानाशी ती पाकळी नाचवली होती. लाज वाटली की मला राग येतो, माझी खोडच आहे ती. मी म्हटलं, "मला काय विचारता? तुम्हीच ठरवा."

त्यांनी मान हलवली. कप स्वतः विसळून ठेवला, हात पुसले आणि स्टँडकडं गेले. पिशवी तशीच राहिली. करवंदं मला जाईनात, शेजारी दिली.

कौलाच्या दिवशी मी गेले. सहलीविना, एकटी, एसटीनं आणि मग दुसऱ्याच्या जिपेनं. सगळं गाव देवळात. पुण्याच्या पार्टीचे दोघे जण, त्यांचे पांढरे बूट बाहेर काढायला लावलेले. अण्णा अंघोळ करून आलेले, धोतर नेसलेले. मी त्यांना धोतरात कधी बघितलं नव्हतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी थबकले; इतक्या वर्षांनी आत पाऊल टाकत होते. टाकलं. ताटलीतल्या दोन पाकळ्या उचलल्या, पाण्यात बुडवल्या. गावानं हात जोडले. आणि अण्णांचा हात वर जाईना. पाकळ्यांचं पाणी कोपरावरून ओघळत होतं.

"लाव की रं येशा," कुणीतरी म्हणालं.

ते वळले. पाकळ्या हातातच. "म्या लावू नगं," म्हणाले. "मागला कौल देवीचा न्हवता. माजा हुता." आणि मला सांगितलं तसंच सांगितलं. चीक, उंबर, डंपर, काही सोडलं नाही. आवाज चढला नाही, रडले नाहीत. सांगून झालं तसे उभे राहिले, पोरगं मास्तरांपुढं उभं राहतं तसे.

आधी कुणाला समजलंच नाही. मग एक म्हातारा उठून "आरं मुडद्या!" म्हणून अंगावर धावला, त्याला दोघांनी धरलं. कुणी म्हणालं, पोलिसात द्या. कुणी म्हणालं, कशाबद्दल देणार? माझ्या शेजारचा एक पन्नाशीचा गडी मान खाली घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, "आमच्या बाला बी डंपरच पायजे हुता." ते कुणी ऐकलं नाही किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाकळी अमावास्येपर्यंत पडली नाही, आणि गावात एकाच्याही मनात शंका आली नसेल? मीही मान खाली घातली. मी तर ती गोष्ट विकलीच होती.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. पारूआत्ती उठून पुढं आली. लोक बाजूला झाले. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबली, अण्णांच्या हाताकडं बघत राहिली. तोंडाकडं नाही, हाताकडं.

"माजा मानूस," ती म्हणाली, "तुज्या बोटाच्या चिकाला लोटांगान घालून आला रं."

बास. एवढंच. शिवी नाही, शाप नाही. काठी टेकत बाहेर गेली आणि तिच्या मागून देऊळ रिकामं व्हायला लागलं. काचेच्या घरांचं पुढं गावसभेत बघू, असं कुणीतरी पार्टीला सांगितलं. अण्णा एकटेच आत राहिले, ओल्या पाकळ्या मुठीत धरून. मी जवळ जावं असं मला वाटलं. गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार होते? त्यांनी मला विचारलं होतं तेव्हा मी त्यांना दारातून परत पाठवलं होतं.

त्या भाद्रपदात सहल काढू नये असं ठरवलं होतं, पण पैसे घेतलेले होते. पायथ्याशी अण्णांची जीप उभी होती. गावानं त्यांना वाळीत वगैरे टाकलं नव्हतं. आजकाल ते चालत नाही. नुसतं कुणी त्यांच्या गाडीत बसत नव्हतं. मी बसले, माझी माणसं बसवली. पहिल्या वळणाला चपला सीटखाली गेल्या. मी गोष्ट सांगितली नाही. सगळी वाट कुणी काही बोललं नाही, तेव्हा कुठं मला त्या जिपेचा खरा आवाज ऐकू आला, दाराची दोरी करकरत होती.

परतताना देवळाच्या वळणाशी पारूआत्ती उभी होती. पाय सुजलेला, पाटणच्या दवाखान्यात जायचं होतं, आणि बाकीच्या जिपा पुढं निघून गेलेल्या. अण्णांनी गाडी थांबवली. काही विचारलं नाही. इंजिन चालू ठेवून समोर बघत राहिले. आत्तीनं रस्त्याच्या वरच्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला बघितलं. दुसरी गाडी नव्हती. मी उतरून तिला पुढची सीट दिली. ती पुढं बसली नाही. मागं चढली, बायकांच्या मधे, आणि पदर तोंडाला लावला.

इतकी सावकाश ती जीप कधी उतरली नसेल. त्या रिव्हर्सच्या वळणाला अण्णांनी चाक कड्याकडं नेलंच नाही. इंचाइंचानं पुढंमागं करत, घामाघूम होत, भिंतीच्याच अंगानं गाडी काढली. एक दगड चाकाखाली येऊ दिला नाही. खाली दवाखान्यापर्यंत नेलं, माझ्या बसची वाट सोडून. कुणी कुरकुर केली नाही. आत्ती उतरली. पायरी उंच होती, अण्णांनी हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. काठी टेकली, उतरली, आत गेली.

अण्णा डांबरी रस्त्यावर अनवाणी उभे होते. चपला घालायच्या राहून गेल्या होत्या. हात अजून पुढंच.

मी जवळ जाऊन विचारलं, "अण्णा, आत्ती काही बोलल्या का?"

माझ्याकडं सरळ बघून ते म्हणाले, "न्हाई."

मग त्यांनी हात खाली घेतला. फडक्याला पुसला नाही. थोड्याच दिवसांत जीप विकून ते पलूसला मुलीकडं गेले आणि गेल्या पावसाळ्यात वारले, असं मला फोनवर कळलं. मी भेटायला गेले नव्हते.